चोवीस तासांची लघवी

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या दवाखान्यात नवीन माणूस आला की शिपाईसुद्धा त्याला पहिली सूचना हीच देतो, की लॅबमधल्या संजीवनीताईंसमोर पाल्हाळ लावू नका. सव्वीस वर्षं मी रक्त, थुंकी आणि लघवी तपासतेय. वाशिंदहून सकाळी निघायचं, शहापूरला गाडी बदलायची आणि शेणव्याच्या रस्त्यावरच्या त्या छोट्या ट्रस्टच्या दवाखान्यात नऊच्या आत टेबल पुसून बसायचं. इतक्या वर्षांत माझा रिपोर्ट चुकला असं कुणी म्हणालेलं नाही, आणि याचा मला गर्व होता. होता असंच म्हणते.

लोकांना रक्त द्यायला भीती वाटते आणि लघवी द्यायला लाज वाटते. त्यातही चोवीस तासांची लघवी जमा करून आणा म्हटलं की समोरचा माणूस आपण थट्टा करतोय का, हे आधी पाहून घेतो. पाच लिटरचा पांढरा कॅन मी त्यांच्या हातात देते. सकाळी सातला उठल्यावरची पहिली सोडून द्यायची, त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची, सगळी या कॅनमध्ये. एक वेळची जरी बाहेर गेली तरी सगळं वाया. हे मी पाठ म्हटल्यासारखं सांगते, आणि शंभरातले साठ लोक तरीही अर्धवट आणतात. लग्नाला गेलो होतो, गाडीत होतो, विसरलो. त्यामुळे अर्धवट कॅन ओळखायला माझी नजर तयार झाली होती, निदान मला तसं वाटायचं.

दिपाली आली ती ऑक्टोबरच्या शेवटी. चोवीस वर्षांची, शेणव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची सून. माहेर मुरबाड तालुक्यातलं. बेचाळीस किलो वजन, गालांवर लालसर चट्टे, बोटांचे सांधे सुजलेले आणि पावलं अशी फुगलेली की चपलेचा पट्टा रुतून वळ उठला होता. आमच्या डॉक्टर हेतल मॅडम ठाण्याहून महिन्यातून दोन मंगळवारी येतात, त्यांनी तिचं रक्त आधीच मोठ्या लॅबला पाठवलं होतं. आजार ल्यूपस निघाला. शरीराचे पहारेकरी आपल्याच घरावर दगड मारायला लागतात, तसा तो आजार. कधी सांध्यांवर, कधी कातडीवर, आणि किडनीवर आला तर मात्र घाई करायची.

किडनीवर आला की नाही हे कळायचा आमच्याकडचा मार्ग म्हणजे लघवीतलं प्रोटीन. किडनीची चाळण धड असली तर प्रोटीन अंगातच राहतं. चाळणीला आतून सूज आली की ते गळायला लागतं. लघवीत बुडवायच्या पट्टीवर रंग आला होता, म्हणजे गळत होतं. किती गळतंय ते मोजायचं होतं. मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं, दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं तर तिला ताबडतोब मुंबईला पाठवायचं, किडनीचा तुकडा काढून तपासायचा आणि मोठी औषधं सुरू करायची. अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर साध्या गोळ्यांवर तीन महिने थांबता येईल. म्हणजे दिपालीचं पुढे काय होणार ते त्या कॅनवर ठरणार होतं.

सोमवारी ती कॅन घेऊन आली. मी मोजला. सहाशे मिली.

चोवीस तासांत बाई माणसाची निदान लिटरभर तरी होते. मी तिला विचारलं नाही, मी तिला सांगितलं, की तू रानात गेलीस आणि कॅन घरी ठेवलास. ती मान हलवून नाही म्हणाली. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, सव्वीस वर्षं मी हेच करतेय. कापणीचे दिवस आहेत, तू काय कॅन काखोटीला मारून शेतात फिरलीस? बाहेर बाकावर दहा-बारा माणसं बसली होती, त्यांतली दोन-तीन हसली. मी तो कॅन सिंकमध्ये ओतला. ओतताना सिंकमध्ये फेस दाटून आला, तो खाली जाईना म्हणून मी नळ सोडला. कॅन विसळून तिच्या हातात दिला आणि सांगितलं, पाणी पी नीट, आणि पुढच्या वेळी पुरी घेऊन ये, नाहीतर मॅडमची तारीख पुन्हा हुकेल.

एक पट्टी बुडवून बघायला तीस सेकंद लागतात. तीही मी बुडवली नाही.

पंधरा दिवसांनी, मॅडमच्या आदल्या दिवशी, ती पुन्हा आली. या वेळी कॅन जड होता. तिचा नवरा भगीरथ वाशिंदच्या कारखान्यात पाळीवर जातो, तो रजा टाकून सोबत आला होता आणि त्यानेच कॅन टेबलावर ठेवला. चार लिटर दोनशे. मला केवढा आनंद झाला. मी मनात म्हटलं, बघा, चार शब्द सुनावले की कामं होतात, बाई पाणी प्यायला लागली. दिपालीला मी शाबासकीसुद्धा दिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. लाजतेय असं मी समजले.

प्रोटीन काढलं. चारशे मिलिग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या आत.

मंगळवारी हेतल मॅडमनी रिपोर्ट पाहून सुस्कारा सोडला. पावलांची सूज त्यांना खटकत होती, पण आकडा आकडा असतो आणि तो माझ्या सहीचा होता. मुंबईची चिठ्ठी त्यांनी अर्धी लिहिली होती, ती फाडली. साध्या गोळ्या दिल्या आणि फेब्रुवारीत या म्हणाल्या. भगीरथने दोन्ही हात जोडून आमचे आभार मानले.

बुधवारी क्रिएटिनिनचं रसायन आलं, ते आठ दिवस संपलेलं होतं. अडलेले नमुने फ्रीजमधून काढून मी एकेक करत गेले. क्रिएटिनिन म्हणजे अंगातल्या मांसाचा रोजचा केर. ज्याच्या अंगात जितकं मांस तितका केर, रोज जवळपास सारखाच. पाणी घागरभर प्या नाहीतर पेलाभर, दिवसाचा केर तेवढाच पडतो. म्हणून चोवीस तासांची लघवी खरी की खोटी हे त्यावरून पडताळता येतं. बेचाळीस किलोच्या दिपालीचं साडेसहाशे-सातशे मिलिग्रॅम यायला हवं होतं. आलं सतराशे. मी पुन्हा लावलं. पुन्हा सतराशे. एखाद्या धिप्पाड गड्याचं यावं तेवढं.

म्हणजे कॅनमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे ठरवलं, की पोरीने मला फसवलं. स्वतःला आळस म्हणून नवऱ्याची भरून आणली आणि मी शाबासकी देत बसले. मॅडमना फोन करायला हवा होता, पण मला आधी त्या घरात जाऊन जाब विचारायचा होता. गुरुवारी अर्धी रजा टाकली, नवा कॅन आणि पट्ट्यांची डबी पिशवीत घातली, शेणव्यापर्यंत जीपने गेले आणि पुढे चालत. चढावर दम लागला तसा राग आणखी वाढत गेला.

पाड्यावर दिपालीच्या सासरचं खळं रस्त्यालगतच होतं. सात-आठ बायका भात झोडत होत्या. तिकडे अजून सावडीनेच चालतं, म्हणजे आज सगळ्यांनी माझ्याकडे, उद्या सगळ्यांनी तुझ्याकडे, मजुरी कुणी कुणाला देत नाही. दिपाली कडेला बसून केरसुणीने दाणे लोटत होती. मला बघून ती उठून उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. सासू बुधी मात्र हसत पुढे आली. साठीची, काटक, दात दोनच उरलेले. पाणी आणायला तिने एकीला पिटाळलं आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, की ह्याच त्या डब्यावाल्या बाई.

बायका हसल्या. मी हसले नाही. मी विचारलं, त्या डब्यात कुणाचं होतं?

मला वाटलं होतं, टाळाटाळ होईल. बुधीने सरळ सांगून टाकलं, आणि तेही कौतुकाने. पहिल्या वेळी पोरीला कमी आहे म्हणून परत धाडलं. उतार चालत उतरून, जीप धरून गेली होती, रडत आली. दोन दिवस जेवली नाही. दुसऱ्या वेळी डबा तिने शेतावर नेला, त्या दिवशी धोंडीबाईच्या शेतात कापणी होती. न्याहारीच्या वेळी बुधीने डबा उचलून बघितला तर तळ जेमतेम ओला. हिला कितीही पाणी पाजा, हिची होतच नाही. पुन्हा कमी पडली तर बाई पुन्हा हाकलणार, मॅडम निघून जाणार, पोरीच्या गोळ्या राहणार. मग धोंडीबाईच म्हणाली, की एवढ्या आठ बाया आहोत कशाला. बांधाआड एकेक जाऊन आली. दुपारच्या भाकरीला डबा गळ्याला आला, तेव्हा झाकण लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सावलीला ठेवला, कारण सात वाजल्याशिवाय न्यायचा नाही असं बाईंनी सांगितलं होतं.

"कापणीत एकीची पात, म्हंजे तिच्या वाट्याची ओळ, मागं राहिली तर शेजारणी तिच्या पातीत दोन-दोन हात मारतात," बुधी म्हणाली. "तिला कोन बोलून दाखवत नाय. हिचं कमी पडलं, आमी पुरं केलं."

आठही जणी माझ्याकडे बघत होत्या, चांगलं काम केल्यावर माणूस बघतो तशा. धोंडीबाई म्हणजे सत्तरीची म्हातारी, काठी टेकत बांधाआड गेली असणार, तीही त्यांत होती. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि अजून थोडासा रागही होता. तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी दिपालीकडे वळले. म्हटलं, तुला तरी कळत होतं ना? दहावी शिकलीस तू. मला खरं का नाही सांगितलंस?

तिने हातातली केरसुणी खाली ठेवली. मग हळू आवाजात बोलली, पण माझ्याकडे बघून बोलली.

"पहिल्या डब्यात सगळं माझंच होतं, ताई. कापणीला मी डोक्यावर घेऊन गेले होते. सगळ्या हसत होत्या मला. एक थेंब पन सांडला नव्हता. तुमी ते ओतून दिलं."

मी खळ्याच्या कडेला बसले. सहाशे मिली. अंगात पाणी साचून पावलं फुगलेली बाई, तिची लघवी कमी होणारच, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. ओतताना सिंकमध्ये फेस दाटला होता, आणि इतका फेस प्रोटीनचाच असतो. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि मी नळ सोडला होता.

पट्ट्यांची डबी काढली. दिपालीला म्हटलं, आत्ता थोडी दे, पेलाभर पुरे. ती घरात गेली आणि स्टीलच्या पेल्यात घेऊन आली. मी पट्टी बुडवली. पिवळा चौकोन हिरवा झाला, मग गडद हिरवा, मग जवळजवळ निळा. डबीवरच्या रंगांत याच्या पुढचा रंगच नाही. बायका वाकून बघत होत्या. त्यांना रंग सुंदर वाटला असावा, कुणीतरी तसं म्हणालीही.

मग मी त्यांना समजावून सांगितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला नीट सांगितलं असेन. हिच्या किडनीला आतून सूज आहे. अंगाचं बळ लघवीतून गळतंय. डबा भरायचा नव्हता, दिवसभरात किती गळतं ते मोजायचं होतं. तिची थोडीच असली तरी चाललं असतं, फक्त सगळी तिची हवी होती. तुमची आठ जणींची त्यात मिसळली आणि तिची नुसती वाटीभर राहिली, म्हणून गळती कमी दिसली आणि मॅडमनी मुंबईची चिठ्ठी फाडली.

हसणं थांबलं. बुधी खाली बसली, अगदी माझ्यासमोर.

"म्हंजे आमी तिचं दुखनं झाकलं का गो बाई?"

तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला बघवेना. मी तिचा हात धरला. माझी ती सवय नाही. मी म्हटलं, तुम्ही नाही झाकलं. तिने खरं आणलं होतं, ते मी फेकलं. मी तिला खोटी ठरवली नसती तर तुम्हाला हे करावंच लागलं नसतं. हे मी सगळ्यांसमोर म्हटलं, कारण दवाखान्यात लोक तिला हसले होते तेही सगळ्यांसमोरच. दिपालीची माफी मागितली. तिने ती स्वीकारावी असा माझा हक्क नव्हता.

शुक्रवारी सकाळी सातपासून तिसरा कॅन सुरू झाला. त्या दिवशी बुधीने सुनेला घराबाहेर पडू दिलं नाही आणि स्वतः कॅनपाशी बसून राहिली. धोंडीबाई सहज डोकावली तर तिलाही उंबऱ्याबाहेरच थांबवलं, असं भगीरथने मला नंतर सांगितलं. शनिवारी भगीरथच कॅन घेऊन आला. सहाशे दहा मिली. क्रिएटिनिन सहाशे साठ, म्हणजे एका बाईचं आणि पूर्ण दिवसाचं. प्रोटीन तीन ग्रॅम चारशे.

हेतल मॅडमना फोन केला. आधी आकडा सांगितला. मग पहिल्या कॅनचं सांगितलं, मग दुसऱ्याचं. मी म्हटलं, पहिला नमुना माझ्या चुकीने गेला असं मी रजिस्टरमध्ये लिहितेय, तुम्हीही चिठ्ठीत लिहा. त्या म्हणाल्या, "तारखा सांगा." मोजल्या तर एकोणीस दिवस झाले होते. मग त्या मुंबईला फोन लावायला गेल्या आणि सोमवारी दिपाली तिथे भरती झाली.

किडनीचा तुकडा तपासला गेला. सूज भरपूर होती, पण ती औषधाने उतरणारी होती. त्याच तुकड्यात काही भाग मात्र वाळून गेलेला दिसला, व्रण पडलेला, तो परत येणार नव्हता. मी मॅडमना विचारलं, की तो त्या एकोणीस दिवसांतला का? त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. कदाचित आधीचाच असेल. कदाचित थोडा आधीचा, थोडा नंतरचा. मला बरं वाटावं म्हणून त्या खोटं बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मुंबईत सुरू झालेल्या दर महिन्याच्या इंजेक्शनानंतर दिपाली तपासणीला माझ्याकडे यायची. प्रोटीन दीड ग्रॅम झालं, मग नऊशे मिलिग्रॅम. एप्रिलमध्ये तीनशे साठ आलं. मी आधी क्रिएटिनिन लावलं, मग प्रोटीन, मग दोन्ही पुन्हा. आकडा खरा होता. तिची पावलं उतरली होती. औषधांमुळे चेहरा गोल झाला होता आणि त्यावरून पाड्यावरच्या बायका तिला चिडवतात असं ती हसत सांगत होती.

लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. मी दार लावून घेतलं आणि तिला त्या वाळलेल्या भागाचं सांगितलं. मॅडमनी तिला व्रण आहे एवढं सांगितलं होतं, दिवसांचा हिशेब सांगितला नव्हता. तो माझ्याकडूनच कळायला हवा होता. मी म्हटलं, त्यातलं काही माझ्यामुळे गेलेलं असू शकतं. नसेलही. पण असू शकतं, आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही.

तिने ऐकून घेतलं. रिपोर्टचा कागद तिने चार घड्या घालून पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता ती जाऊ द्या ताई म्हणेल. आपल्याकडे बायका असंच म्हणतात, आणि मला ते ऐकायची फार घाई झाली होती. ती तसं म्हणाली नाही.

"आता दुसरी कोन डब्यात थोडीच घिऊन आली," ती म्हणाली, "तर ओतायच्या आधी तिला इचाराल ना?"

मी हो म्हटलं. मग पट्ट्यांची डबी कपाटातून काढून टेबलावर हाताशी ठेवली.